दोन नांगर

2023 च्या दिवाळीत मी एका लेकराला त्याचं चित्र पुसायला लावलं.

त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता. सोयाबीनच्या शेंगा भरल्या नव्हत्या आणि घरोघरी फराळ हात राखूनच झाला होता. मी लातूरहून गावी गेले होते. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या पलीकडं. चुलतभावाचा तिसरीतला मुलगा ओसरीवर पालथा पडून सुट्टीचा अभ्यास करत होता. शब्द वाचायचा आणि शेजारच्या चौकटीत चित्र काढायचं. विळा झाला होता, खुरपं झालं होतं, मोट कुणीतरी सांगून काढून घेतली असावी. नांगराच्या चौकटीत मात्र त्यानं एक उभी दांडी काढली होती. वर गोल कडी, खाली दोन्ही बाजूंना वळलेले टोकदार हात आणि दांडीभोवती सापासारखा दोराचा वेढा. मी शाळेत मराठी शिकवते. हात सवयीनं पुढं गेला. ‘‘अरे, नांगर असा असतो का? फाळ कुठाय, रुमणं कुठाय? याला बैल कुठं जुंपायचे? पूस ते.’’ त्यानं माझ्याकडं बघितलं, मग ओसरीच्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या आजोबांकडं, म्हणजे आमच्या तात्यांकडं बघितलं. तात्या अंगणाकडं बघत होते. ते काही बोलले नाहीत. पोरानं कागद चोळामोळा होईपर्यंत खोडरबर घासला आणि त्या मळकट जागेवर ट्रॅक्टरमागचा पलटी नांगर काढला. मी बरोबरची खूण केली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, आपण काय पुसायला लावलं ते.

तात्या माझे मधले चुलते. 1982 साली, अठरा वर्षांचे असताना ते नेव्हीत गेले. त्याआधी त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पुरातली तेरणा. ओडिशात आयएनएस चिल्काला ट्रेनिंग झालं आणि तिथं त्यांना पहिल्यांदा कळलं की जमिनीवरच्या तळालाही जहाजच म्हणतात. निजामाच्या राज्याला समुद्रच नव्हता, त्यामुळं आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यातही समुद्र नव्हता. गावाच्या लेखी वर्दीतला प्रत्येक माणूस ‘मिल्ट्रीतला’. तात्या सुट्टीवर आले की लोक विचारायचे, ‘‘कवा आलाव मिल्ट्रीतून?’’ ते शांतपणे म्हणायचे, ‘‘मिल्ट्री नव्हं, नेव्ही.’’ पंधरा वर्षं हे चाललं, आणि समोरचा मान हलवून पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचा.

लीडिंग सीमन झाले तेव्हा त्यांच्या बाहीवर एक नांगर आला. पेटी ऑफिसर झाल्यावर दोन, एकमेकांवर तिरके. आजोबांनी ती बाही हातात धरून बराच वेळ न्याहाळली होती, असं माझे वडील सांगायचे. आमच्याकडं जमीन एका नांगराची. बैलजोडी एक, नांगर एक. आजोबा म्हणाले, ‘‘मला एकच जमला, पोरानं दोन केले.’’ बाहीवरचा नांगर मातीत नाही, पाण्यात टाकायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांना फरक पडला नसता असं मला वाटतं. आजीनं ‘पेटी’ हा शब्द तिच्या पद्धतीनं समजून घेतला. तात्यांची काळी लोखंडी ट्रंक घरात आली होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आजीला वाटायचं, ही पेटी ज्याला मिळते तो पेटी ऑफिसर. तो शब्द मुळात फ्रेंच, अर्थ ‘लहान’. म्हणजे लहान अधिकारी. आजीनं केलेला अर्थ त्याहून मोठा होता.

1997 मध्ये पंधरा वर्षं भरून तात्या परत आले. मी तेव्हा सात वर्षांची. त्यांच्याबरोबर एक अख्खी भाषा घरात आली. जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, छत म्हणजे डेकहेड, स्वयंपाकघर म्हणजे गॅली. शाळेतून उशिरा आलेलं पोर ‘अ‍ॅड्रिफ्ट’, म्हणजे दोर सुटून भरकटलेलं. दहा-साडेदहाच्या चहाला ‘स्टँड ईझी’. रात्री दिवे मालवायच्या वेळी ओसरीतून आवाज यायचा, ‘‘पाइप डाउन’’, आणि आम्ही भावंडं बोलत असलो तर गप्प व्हायचो. मी एकदा विचारलं होतं की हे घर आहे, जहाज नाही, मग कशाला असं म्हणायचं? ते म्हणाले, ‘‘लोणावळ्याला आयएनएस शिवाजी हाय. डोंगरात. तिथंबी जमिनीला डेकच म्हणत्यात. गेटातून भायेर पडलं की शोअरला गेला म्हणत्यात. डोंगरात जहाज चालतंय, मग धाराशिवात काहून नाही?’’ सात वर्षांच्या मुलीला हे पटण्यासारखंच होतं. पुढं कितीतरी दिवस मी पावसाळ्यात छपरावर पाणी वाजायला लागलं की आपण हललो का, ते बघायची.

आजीचं आणि त्यांचं एक वेगळं होतं. नेव्हीत हुकूम ऐकल्यावर नुसतं ‘येस’ म्हणत नाहीत, ‘आय आय’ म्हणतात. येस म्हणजे फक्त होकार. आय आय म्हणजे कळलं, आणि आता करतो. तात्यांच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की आजीनं ‘‘जरा सरपन आन रं’’ म्हटलं की ते उठता उठता म्हणायचे, ‘‘आय आय.’’ आमच्याकडं आईला आयच म्हणतात. आजीला वाटायचं, परदेशी फिरून आलेला पोरगा आता कामाला सांगितलं की दोनदा आई म्हणतो. ती असेपर्यंत तिला कुणी खरं सांगितलं नाही. तात्यांनीही नाही.

घरात शिट्टी वाजवायची बंदी होती. जहाजावर शिट्टी एकच, बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा पाइप. त्यावरच माणसं उठतात, जेवतात, दोर ओढतात, दोर सोडतात. कुणी उगाच तोंडानं शिट्टी वाजवली तर हुकमात गोंधळ. शिवाय जुने खलाशी मानायचे की शिट्टीनं वारा ओढवतो. आजीचीही बंदीच होती. रात्री शिट्टी वाजवली की साप येतो. दोन वेगळ्या जगांतली दोन भयं आमच्या ओसरीत एकाच वाक्यावर येऊन मिळाली होती, ‘‘शिट्टी वाजवू नको.’’ तात्यांचा स्वतःचा पाइप मात्र ट्रंकेत होता, फडक्यात गुंडाळलेला. वीतभरही नाही. त्याच्या भागांना त्यांनी मला नावं शिकवली होती: गोळा तो बॉय, नळी ती गन, खालची पट्टी ती कील, कडी ती शॅकल. गोळ्याभोवती बोटं आवळली की सूर वर चढतो, मोकळी सोडली की खाली येतो. मोठा अधिकारी जहाजावर चढताना तो वाजवतात, त्याला ‘साइड’ म्हणतात. पूर्वी पाहुण्यांना दोराच्या पाळण्यात बसवून खालून वर ओढत, आणि ओढणाऱ्यांना इशारा या पाइपचा. आता शिडी असते, ओढायचं कुणी नसतं, सूर तेवढा राहिला.

हे सगळं सांगताना मला त्यांची भाषा गोड वाटते. काकूला ती गोड नव्हती, हेही लिहिलं पाहिजे.

लग्नानंतर तेरा वर्षांतली जेमतेम दोन वर्षं काकू मुंबईत क्वार्टरमध्ये राहिली. बाकी सगळी इथं, सासूसासऱ्यांजवळ, तात्यांच्या पत्रांची वाट बघत. जहाजावर आठवड्यात एखादी दुपार सुटीची मिळते, तिला ‘मेक अँड मेंड’ म्हणतात. जुन्या काळी त्या वेळात खलाशी आपले कपडे शिवत, रफू करत. तात्यांची ती सवय गेली नाही. दुपारी ओसरीवर मांडी घालून ते सुई-दोरा घेऊन बसायचे. सदऱ्याचं बटण, पोत्याचं तोंड, आमच्या दप्तराचा पट्टा. येणारेजाणारे थांबून बघायचे, कारण आमच्याकडं गडीमाणूस सुई हातात धरत नाही. त्यांचं शिवणाचं सामान कापडाच्या एका गुंडाळीत असायचं. एकदा मी त्या गुंडाळीला काय म्हणतात ते विचारलं. ते सहज म्हणाले, ‘‘हाउसवाइफ.’’ काकू आत भाकरी थापत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढा शब्द येत होता. थापण्याचा आवाज थांबला. बऱ्याच वेळानं आतून ती म्हणाली, ‘‘म्हंजी तितं एक व्हती म्हना.’’ तात्यांनी दोरा दातानं तोडला आणि गुंडाळी बंद केली. त्यानंतर त्यांनी तो शब्द पुन्हा वापरल्याचं मला आठवत नाही. काकूनं मात्र ती गुंडाळी पुढं स्वतःच्या लुगड्याच्या घडीत ठेवायला सुरुवात केली. तिच्या मनात नेमकं काय होतं, ते मी आजही सांगू शकत नाही.

त्यांच्या भाषेचा घराला उपयोग झाला तो विहिरीवर. तिघा भावांत विहीर सामाईक. रब्बीत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, चार चार तासांच्या, दिवसातून सहा. त्या वर्षी विहिरीला पाणी बरं होतं आणि ऑइल इंजिन रात्रंदिवस चालायचं. पण सहाला तिनानं सरळ भाग जातो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला रोज तीच पाळी. मध्यरात्री बारा ते चार कायम धाकट्या काकांची. थंडीत, विंचवाकाट्यात. धाकट्या काकांनी सहा महिने वडिलांशी बोलणं टाकलं होतं. तात्यांनी एके संध्याकाळी ओसरीच्या फरशीवर खडूनं आखलं. जहाजावरचा दिवसही असाच चार चार तासांच्या वॉचमध्ये असतो: फर्स्ट, मिडल, मॉर्निंग, फोरनून, आफ्टरनून. फक्त संध्याकाळचे चार ते आठ मधोमध तोडलेले असतात, दोन दोन तासांचे, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळं वॉच होतात सात. ‘‘साताला तिनानं भाग जात न्हाई,’’ एवढंच ते म्हणाले. वडिलांनी दोनदा मोजून बघितलं. रोज प्रत्येकाची पाळी एकेक घर सरकत होती. मिडल आता तिघांच्याही वाट्याला येणार होता. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, पण धाकटे काका त्या रात्री आमच्याकडं जेवायला आले.

आणखी एक रीत त्यांनी विहिरीवर आणली. पाळी बदलायची असेल तर दहा मिनिटं आधी पोचायचं. बॅटरी बंद करून अंधारात उभं राहायचं. डोळे अंधाराला रुळले की मगच आधीच्या माणसाला सोडायचं, आणि तोंडानं म्हणायचं की आता पाळी माझी. न बोलता कुणी निघून जायचं नाही. पुढं इंजिनाची मोटर झाली, शेतीच्या विजेचं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असं वेळापत्रक आलं, तेव्हाही आमच्या घरात ‘मिडल’ हाच शब्द राहिला. चुलतभाऊ बारावी नापास झालेला, समुद्र त्यानं एकदाच पाहिलेला, पण आजही बायकोला म्हणतो, ‘‘या हप्त्यात मिडल हाय माजा, थर्मास भरून ठिव.’’

विहीर मोजायची त्यांची दोरीही होती. आमच्याकडं विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. समुद्राची खोली पूर्वी फॅदममध्ये सांगत, फॅदम सहा फूट, म्हणजे हात पसरलेला माणूस. कोकणात, देशावर त्यालाच वाव म्हणतात. तात्यांना याचं फार अप्रूप होतं. उभा माणूस आणि आडवा माणूस, ते म्हणायचे, पाणी मोजायला शेवटी माणूसच लागतो. त्यांनी सुताच्या दोरीला शिशाचा गोळा बांधला आणि जहाजावरच्या दोरीला असतात तशा खुणा केल्या. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरी चिंधी, सातवर लाल. खुणा वेगवेगळ्या कापडाच्या अशासाठी की अंधारात हाताला, ओठाला कळाव्यात. चामडं त्यांनी गोठ्याच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या मोटेचं कापलं. ज्या चामड्यानं आजोबांनी पाणी वर आणलं, त्यानंच आता ते मोजायचं. खुणेवर पाणी असेल तर ‘मार्क’. दोन खुणांच्या मध्ये असेल तर अंदाजानं सांगायचं, त्याला ‘डीप’. दर सोमवारी सकाळी दोरी विहिरीत जायची आणि तात्या वरून मोठ्यांदा म्हणायचे, ‘‘मार्क टू’’ किंवा ‘‘डीप वन’’. मग ते एका दोनशे पानी वहीत लिहायचे. ती वही लॉग.

तेर आमच्यापासून जवळ, म्हणून हा विचार मला वारंवार येतो. दोन हजार वर्षांपूर्वी एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं बंदरांची जी टिपणवही लिहिली, तिच्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे आमचं तेर आहे. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं, वाट नसलेल्या मुलखातून. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. चितारणाऱ्यानं ते कुठं पाहिलं असेल? आम्ही स्वतःला कोरड्या मुलखातली माणसं समजतो, पण या मुलखानं समुद्राकडं माल पाठवला, भिंतीवर जहाज काढलं आणि मग काही शतकं तो विसरून गेला. तात्या त्या विसरण्यातून वर आलेले मला वाटायचे. त्यांना मी हे कधी म्हटलं नाही. गोरोबाकाकांच्या समाधीला ते माझ्याबरोबर यायचे, वस्तुसंग्रहालयातली मातीची खापरं बघायचे आणि एवढंच म्हणायचे, ‘‘लई लांबून आलेलं हाय हे.’’

2003 साली त्यांनी आम्हाला मुंबईला विक्रांत हे विमानवाहू जहाज दाखवायला नेलं. तिच्यावर त्यांनी अडीच वर्षं काढली होती. ती 31 जानेवारी 1997 ला नौदलातून निवृत्त झाली, तात्या त्याच वर्षी, आणि आता तिचं संग्रहालय झालं होतं. शिडी संपून पाऊल डेकवर पडताच तात्या थांबले. डोक्यावर टोपी नव्हती आणि नेव्हीत उघड्या डोक्यानं सॅल्यूट करत नाहीत, म्हणून ते नुसते सावधान उभे राहिले. मागून लोक ढकलत होते, एक बाई ‘‘चला ना हो पुढं’’ म्हणाली. ते मोजून पाच-सात क्षण तसेच राहिले. मी तेरा वर्षांची होते, मला लाज वाटली होती. 2014 मध्ये विक्रांत भंगारात गेली तेव्हा त्यांनी दोन दिवस बातम्या लावू दिल्या नाहीत. आणि 2016 मध्ये, बजाजनं तिच्या पोलादातलं थोडं घालून मोटारसायकल काढली, ती गावातल्या एका पोरानं घेतली. तात्या पारापाशी गेले, परवानगी मागितली आणि तिच्या टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले. ऊन होतं, टाकी तापली असणार. त्यांनी हात काढला नाही.

तोच लातूरच्या पाण्याचा उन्हाळा. धनेगावचं धरण आटलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे, जलदूत आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या इमारतीत नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते कुणी मोजायचंही सोडलं होतं. तात्या एसटीनं दोन कॅन घेऊन आले, आमच्या पिंपात एक काठी उभी केली, तिच्यावर चाकूनं खुणा पाडल्या आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, रोज सकाळी वाचायचं, लिहायचं. मग ते जहाजावरच्या पाण्याबद्दल बोलत बसले. चहूकडं पाणी, पण पिण्याचं पाणी समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून घ्यायचं. साबण लावताना नळ बंद. नळ चालू ठेवणारा सगळ्यांच्या नजरेतून उतरायचा. नौदलाचं ब्रीद ‘शं नो वरुणः’, वरुण आम्हाला कल्याणकारी होवो. ते त्यांच्या पट्ट्याच्या बकलवर होतं, असं सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा थोडा हलला. म्हणाले, ‘‘समिंदरात म्हनायचाव तवा वाटायचं वादळ नको म्हनून म्हनायलाव. हितं आल्यावर कळलं कशापायी म्हनायचं ते.’’

आता पुन्हा त्या दिवाळीकडं येते. लातूरला परतल्यावर मी शब्दकोश काढले. पेरणीआधी शेतात चालतो तो नांगर संस्कृत लांगल वरून. जहाजाचा नांगर फारशी लंगर वरून. दोन मुलखांतून दोन शब्द आले, मराठीच्या तोंडात घासून घासून एक झाले आणि कुणालाही त्यांची अडचण वाटली नाही. एक जमीन फाडतो, दुसरा तळाची जमीन धरून ठेवतो. इतकी वर्षं मराठी शिकवून मी हे लेकराला सांगायला हवं होतं, आणि मी त्याच्या हातात खोडरबर दिला होता. मी ठरवलं, तात्यांना फोन करून हे सांगायचं.

फोन त्यांचाच आला, 4 डिसेंबरला. त्या दिवशी मालवणला नौदल दिन झाला होता, सिंधुदुर्गाच्या साक्षीनं. अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर महाराजांच्या वारशाची छाप येणार, आणि हुद्द्यांची नावंही आपल्या परंपरेतली होणार, असं जाहीर झालं होतं. तात्यांचा आनंद फोनमधून कळत होता. आदल्या वर्षी सप्टेंबरात नौदलाच्या निशाणावरचा इंग्रजांच्या काळचा लाल क्रॉस गेला तेव्हाही ते असेच बोलले होते, पंधरा वर्षं त्याच निशाणाला सलाम केला तरी. मी विचारलं, मग पेटी ऑफिसरला काय म्हणतील? दर्यासारंग, सरखेल ही तर मोठी नावं. ते जरा थांबले. ‘‘काय बी म्हनू दे. तांडेल म्हनू दे, सारंग म्हनू दे. आपलेच शब्द हायेत, गोऱ्यांनीबी घेतलते. पर माय मला पेटीच म्हनून गेली,’’ ते म्हणाले. मग हवापाण्याचं बोलणं झालं. चित्राचं मी बोलले नाही. संक्रांतीला गावी जायचंच आहे, समोर बसून सांगू, असं वाटलं. संक्रांतीला जाणं झालं नाही.

फेब्रुवारीत तात्या गेले. पहाटे, चारच्या सुमारास. चुलतभाऊ विहिरीवरून परत आला तेव्हा काकू दारात उभी होती.

दहाव्याला लातूरहून त्यांच्याबरोबर नोकरी केलेले एक गृहस्थ आले. पांढरी दाढी, ताठ पाठ. त्यांनी ट्रंक उघडायची परवानगी मागितली, पाइप बाहेर काढला, खिशातल्या रुमालानं पुसला. मला वाटलं आता वाजवतील. सगळी ओसरी गप्प झाली होती. मी त्यांना म्हटलंही, वाजवा ना काका. त्यांनी मान हलवली. ‘‘साइड अधिकाऱ्यासाठी वाजते, ताई. सेलरसाठी नाही. यानं शेकड्यांनी वाजवली असेल दुसऱ्यांसाठी.’’ आणि तो फडक्यात होता तसा गुंडाळून ठेवला. मला त्यांचा राग आला होता. मग त्यांचे हात दिसले. गाठ मारताना ते थरथरत होते आणि तरी गाठ नीट, जशी असायला हवी तशीच बसली होती. राग तिथंच विरला.

त्याच दिवशी मी लॉग पहिल्यांदा नीट बघितला. तीन वह्या. 1997 च्या पावसाळ्यापासून. तारीख, वेळ, वाव, शेरा. शेऱ्यात फार काही नाही: ‘मृग बरसला’, ‘मोटर जळाली’, ‘आई गेली’, ‘पाणी नाही’. 2016 च्या एप्रिल-मेची पानं नुसती ‘पाणी नाही’. आणि शेवटच्या रकान्यात सहीच्या जागी, प्रत्येक ओळीत, सव्वीस वर्षं, एक बोटाच्या पेराएवढा नांगर. उभी दांडी, वर कडी, दोन हात, दोराचा वेढा. दोर गुंडाळलेला नांगर खऱ्या खलाशाला नको असतो, तो नीट धरत नाही आणि नीट वर येत नाही, हे तात्यांनीच मला सांगितलं होतं. पण चित्रात तो तसाच काढतात. लेकरानं समुद्राचा नांगर काढला नव्हता. आजोबांची सही काढली होती.

2024 चा जून चांगला लागला. दुसऱ्या आठवड्यातच ओढे वाहिले. मी सुट्टीचे शेवटचे दोन दिवस गावी होते. सोमवारी सकाळी पोरगंच दोरी घेऊन आलं. चौथीत गेलं होतं. कठड्याला पोट टेकून त्यानं शिसं सोडलं, तळ लागल्याचं हाताला कळल्यावर थांबलं, मग हळूहळू वर ओढलं. दोरी ओली कुठवर आहे ते बोटानं चाचपलं. मोटेच्या चामड्याच्या दोन पट्ट्या कोरड्या होत्या. त्यानं मान तिरकी करून मधलं अंतर नजरेनं मापलं, अगदी तात्या करायचे तसं, आणि विहिरीत तोंड घालून ओरडलं, ‘‘डीप वन!’’ खालून आवाज परत आला. ओसरीवरून काकूनं विचारलं, ‘‘किती म्हनलास?’’ त्यानं पुन्हा सांगितलं. काकू ‘बरं’ म्हणाली. तिला मार्क आणि डीपमधला फरक माहीत आहे हे मला त्या दिवशी समजलं.

मी वही पुढं केली. तारीख त्यानं घातली, वेळ घातली, वाव एक. शेऱ्यात ‘पाऊस चांगला’. सहीच्या रकान्यावर पेन नेलं आणि थांबला. वरच्या ओळीकडं, फेब्रुवारीतल्या शेवटच्या नांगराकडं त्यानं बघितलं, मग माझ्याकडं. आणि तिथं शाळेत लिहितात तसं, सुवाच्य अक्षरात, वर रेघ देऊन, आपलं पूर्ण नाव लिहिलं. रकान्यात मावलं नाही, शेवटची दोन अक्षरं समासात गेली.

‘‘बरोबर हाय का, आत्या?’’

मला लगेच बोलता आलं नाही. मी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं, आणि वही त्याच्यापुढं कठड्यावर उघडी ठेवली. त्यानं ओला हात चड्डीला पुसून एका नांगरावर बोट ठेवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग खाली वाकून दोरी गुंडाळायला लागला, एकावर एक वेढा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं.